तंबूवाल्या साहेबांस, सा. न. वि. वि.

राजमान्य राजश्री दुकानदारसाहेब यांस,



पत्रास कारण की, गेल्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी मी आपल्या दुकानात आले होते. शनिवारची गर्दी, त्यामुळे आपल्याला आठवत नसेल. मला आपण आठवता, आपण मागवलेला चहा आठवतो आणि आपण पुसून पुढे केलेलं स्टूलही आठवतं. मी एवढंच म्हणाले होते, की मोटारसायकलवरून एका रात्रीसाठी बाहेर पडायचंय, तंबूत राहायचंय, हलकं काय असेल ते दाखवा. आपण म्हणालात, "मॅडम, तुम्ही फक्त बसा. सगळं मी काढतो." आणि आपण शब्दाला जागलात. खरोखर सगळं काढलंत.

दुकानाचं नाव मी इथे लिहीत नाही. आपला अपमान व्हावा हा माझा हेतू नाही. वाचताना आपण स्वतःला ओळखाल आणि त्यापुढे काय करायचं ते आपणच ठरवाल, एवढा विश्वास मी आपल्यावर ठेवते.

सर्वप्रथम आभार मानते ते आपल्या त्या एका वाक्याचे. मी खुर्ची उचलून पाहिली आणि जड आहे म्हणाले, तेव्हा आपण हसून म्हणालात, "वजनाचं काय घेऊन बसलात? गाडी ओढते की, तुम्हाला थोडंच उचलायचंय?" ते वाक्य मी आजवर विसरलेले नाही. तेव्हापासून ते सोबत घेऊन फिरते आहे. मोटारसायकलवर सामान बांधण्याबद्दल मी जे काही शिकले, ते सगळं ते एक वाक्य खोटं कसं, हे शोधता शोधता शिकले.

बिल 27,650 रुपयांचं झालं. वर आपण सहा बंजी कॉर्ड फुकट दिल्यात. त्यांचे आभार वेगळे मानायचे आहेत, पुढे मानते.

घरी आल्यावर मी एक आगाऊपणा केला. कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडून त्याचा ताणकाटा दहा मिनिटांसाठी मागून आणला आणि आपली एकेक वस्तू त्याला अडकवली. तंबूच्या पिशवीवर 3.8 किलो छापलं होतं, काटा 5.2 दाखवत होता. मला वाटलं काटा बिघडला असेल. रद्दीवाल्याने काही न बोलता दुकानातलं किलोचं माप अडकवून दाखवलं. काटा किलोवर थांबला. मग लक्षात आलं, की पिशवीवरचा आकडा नुसत्या कापडाचा होता. दांड्या, खुंट्या, दोऱ्या आणि पिशवी धरलेलीच नव्हती. दांड्यांशिवाय तंबू उभा राहत नाही, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तेव्हापासून कोणत्याही सामानाचं वजन विचारताना मी 'बांधलेलं वजन किती' असं विचारते. ही सवय आपण लावलीत.

स्लीपिंग बॅग 2.4 किलो. हवेची गादी पायपंपासकट 2.8. घडीची खुर्ची 3.1, घडीचं टेबल 2.6. पेटीतली शेगडी 1.9 आणि तिची दोन नळकांडी 0.6. भांड्यांचा संच 1.6, कंदील 1.1, फावडं 1.3. गाडीच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या रिकाम्याच 4 किलोच्या, मागची बॅग 1.6. एकूण 28 किलो 200 ग्रॅम. एका रात्रीसाठी, एका बाईसाठी. यात माझे कपडे, गाडीची हत्यारं, खाणं आणि पाणी अजून यायचंच होतं.

तरीही मी ते सगळं बांधून निघाले. पैसे मोजले होते आणि आपण जाणकार होतात. आपल्या भिंतीवर हिमालयातल्या गाड्यांचे फोटो आहेत. ज्याच्या भिंतीवर खार्दुंगला आहे त्याचं ऐकायचं नाही तर कोणाचं ऐकायचं?

ऑक्टोबरचा पहिला आठवडा. कात्रजवरून कापूरहोळ फाटा, तिथून भोर आणि पुढे नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने वरंध घाटाकडे जाणारा रस्ता. दुसऱ्या दिवशी घाट उतरून शिवथरघळीला जायचं होतं. हा रस्ता आपण कधी गेला असाल तर आपल्याला ठाऊक असेल, की त्या दिवसांत तिथे पिवळी सोनकी फुललेली असते आणि भातखाचरं पिकायला लागलेली असतात. हिरडोशीच्या अलीकडे एका घरी विचारलं, अंगणाशेजारच्या मोकळ्या खळ्यावर तंबू लावू का. "लाव की बाय," असं म्हणून आजींनी जागा झाडूनही दिली. कुणाच्याही जमिनीवर तंबू लावायचा तर आधी विचारावं, सकाळी जागा होती तशी करून द्यावी, कचरा परत आणावा. याला दमडी लागत नाही आणि याचं वजनही नसतं, म्हणून बहुधा ते आपल्या दुकानात मिळत नसावं.

रात्री नऊच्या सुमारास परतीचा पाऊस आला. गडगडाट, वारा आणि मग तो पाऊस. आपला तंबू चार माणसांचा होता. त्याच्या एवढ्या अंगावर वारा भरपूर बसला आणि पाऊण तासात पाणी आत आलं. आधी शिवणींमधून धार लागली, नंतर जमिनीकडून गादी भिजली. टॉर्च लावून मी तंबूच्या आतल्या कोपऱ्यातली बोटाएवढी चिठ्ठी वाचली. तिच्यावर 600 मिमी असं छापलं होतं.

या आकड्याबद्दल आपले मनापासून आभार. त्याचा अर्थ मला त्याआधी माहीत नव्हता. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरायचा. किती उंचीला पाणी कापडातून झिरपायला लागतं, ती उंची म्हणजे हा आकडा. 600 म्हणजे दोन फुटांच्या आतबाहेर. उन्हाळ्यात बागेत सावलीला असा तंबू चालेल. आपल्या डोंगरात पावसाची शक्यता असेल तर वरच्या कापडाला निदान 1,500 ते 2,000 हवं आणि खालच्या कापडाला त्याहून जास्त. आपण आत गुडघा टेकतो तेव्हा त्या एवढ्याशा जागेवर पाण्याच्या काही हजार मिलिमीटर उंचीइतका दाब पडतो आणि ओली जमीन खालून वाटच पाहत असते. शिवाय शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली हवी. सुईचं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला उघडं दार. आपण काउंटरवरून हात फिरवत म्हणालात, "पूर्ण वॉटरप्रूफ आहे, मॅडम." त्या तंबूच्या शिवणींवर एक इंचही पट्टी नव्हती.

आजींनी कंदील धरून मला पडवीत आणलं. अंगावर टाकायला एक काळी घोंगडी दिली. खरबरीत, लोकरीच्या वासाची. ती पावसात पांघरता येते, खाली अंथरता येते, रात्री अंगावर घेता येते आणि खोळ केली की तिच्यातून सामानही नेता येतं. धनगर पिढ्यान् पिढ्या मेंढरांमागे महिनोन्‌महिने फिरत आले ते अशा एका घोंगडीवर आणि एका काठीवर. एका वस्तूने चार कामं करायची, हा हलक्या सामानाचा पहिला नियम त्यांच्या खांद्यावर आहे. मी मात्र आपल्या दुकानातून एका कामासाठी चार वस्तू घेऊन आले होते.

स्लीपिंग बॅगेबद्दलही ऋण व्यक्त करायला हवं. तिच्यावर 'उणे 5' असं ठळक छापलं होतं. मी विचारलं, एवढी लागेल का, तर आपण म्हणालात, "बायकांना थंडी जास्त वाजते." यातली काळजी मी समजू शकते. या बॅगांचं तापमान मोजायचं युरोपीय मानक होतं, ईएन 13537, आता त्याच्या जागी आयएसओ 23537 आहे. त्यात तीन आकडे असतात. पहिला आरामाचा. तो मुळातच सर्वसाधारण स्त्रीच्या शरीराला धरून काढतात, म्हणजे बायकांना वाजणाऱ्या थंडीचा विचार आपल्या आधीच होऊन गेला आहे. दुसरा पुरुषाला धरून काढलेला मर्यादेचा. तिसरा टोकाचा, म्हणजे सहा तास जीव तगेल, बाकी काही खात्री नाही. आपल्या बॅगेवर ठळक छापलेला आकडा तिसरा होता. उणे 5 ला मी त्या बॅगेत झोपले असते तर जगण्यासाठी झगडत रात्र काढली असती. आणि ऑक्टोबरात भोरच्या डोंगरात थंडी उणे जातच नाही. म्हणजे तिथे ती उकाड्याची आणि हिमालयात धोक्याची. अशी वस्तू निवडून देणं सोपं काम नाही.

सकाळी पाऊस उघडला. सगळं सामान ओलं, म्हणजे आणखी जड झालेलं. तेच पुन्हा गाडीवर चढवलं. मागच्या कॅरिअरवर तंबू, स्लीपिंग बॅग, खुर्ची, टेबल, कंदील आणि मागची बॅग, कोरडं असताना 16 किलो. माझ्या कॅरिअरवर 5 किलोची मर्यादा ठोकलेली आहे. ती मी त्या दिवशी संध्याकाळी वाचली, दवाखान्यातून आल्यावर.

आता त्या बंजी कॉर्डांचे आभार. त्या ताणल्या जातात, हाच त्यांचा गुण. खड्डा आला की सामान वर उसळतं, कॉर्ड लांब होते आणि सामान खाली येताना तसूभर सरकून बसतं. पुढच्या खड्ड्याला आणखी तसूभर. अर्ध्या तासाने माझं सगळं ओझं डावीकडे झुकलं होतं आणि मला ते दिसत नव्हतं, कारण आरशात फक्त खुर्ची दिसत होती. देवघरच्या पाण्याशेजारच्या एका वळणावर रात्रीच्या पावसाने मुरूम वाहून आणला होता. समोरून टेम्पो आला म्हणून मी वेग कमी केला, थांबले आणि डावा पाय टेकला. पायाखाली मुरूम होता. गाडी झुकली आणि झुकतच गेली.

वेग शून्य होता, साहेब. मी थांबलेली होते.

आपण म्हणाला होतात, वजन गाडी ओढते. ते रस्त्यावर चालताना. थांबल्यावर, वळताना, चढावर गाडी फिरवताना, चिखलात, पेट्रोल पंपाच्या रांगेत, जिथे जिथे गाडी हळू असते, तिथे ते वजन चालवणाऱ्याच्या एका पायावर असतं. माझी गाडी पेट्रोल भरून 144 किलो, मी 58. तेवढी गाडी मी रोज सांभाळते, कारण तिचं वजन खाली, इंजिनात आहे. आपलं 16 किलो ओझं माझ्या बसण्याच्याही वर, चार फुटांच्या उंचीला, एका बाजूला सरकलेलं होतं. उंचावरचं वजन कललं की त्याला सावरायला लागणारं बळ प्रत्येक अंशागणिक वाढत जातं. काही अंशांनंतर ते माणसाच्या पायात उरत नाही.

धावत्या गाडीचंही ऐका. मागच्या चाकाचा आस हा टेकू धरा. आसाच्या एक फूट मागे 16 किलो ठेवलं, तर माझ्या गाडीच्या लांबीच्या हिशेबाने पुढच्या चाकावरचा भार साडेतीन किलोंनी कमी होतो. पुढचं चाक हलकं झालं की हँडल पोकळ लागतं, वळणावर गाडी आपल्या मनाने रुंद जाते, ब्रेक दाबल्यावर पुढचं टायर रस्ता धरत नाही आणि रात्री दिव्याचा झोत रस्त्याऐवजी झाडांवर पडतो. तेच वजन आसाच्या पुढे, सीटवर पाठीशी टेकून किंवा दोन्ही बाजूंना खाली ठेवलं, तर यातलं बरंचसं टळतं. सामान किती, याच्याइतकंच ते कुठे, हे महत्त्वाचं. आपल्याकडे बावीस प्रकारच्या बॅगा टांगलेल्या आहेत. त्यांतली कोणती कुठे बांधावी हे सांगायला आपल्याला अर्धं मिनिट लागलं असतं.

माझा घोटा गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये होता. टेम्पोवाला उतरला, गुरं घेऊन चाललेले एक काका धावत आले. दोघांनाही गाडी उचलेना. शेवटी काकांनी कोयत्याने बंजी कापल्या, खुर्ची-टेबल कडेला फेकलं आणि मगच गाडी उभी राहिली. घोट्याचं हाड चिरलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. शिवथरघळ राहिली. डावीकडची पिशवी कापल्यावर ती आतल्या ओल्या कपड्यांसकट रस्त्यात पडली. उजवीकडची तर त्याआधीच सायलेन्सरला लागून एका बाजूने वितळली होती. त्या पिशव्या दोन्ही बाजूंना कशा बसतील हे आपण मला गाडीला लावून दाखवलं नव्हतंत. विचारलं असतं तर दाखवलं असतंत, याबद्दल मला शंका नाही.

त्या सहा आठवड्यांबद्दलही आपले आभार. मी वाचलं, विचारलं, मोजलं. एमा गेटवुड या अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या बाईंबद्दल तेव्हाच समजलं. अकरा मुलांची आई, 67 वर्षांच्या. 1955 साली त्या जॉर्जियापासून मेनपर्यंत अॅपलाचियन वाट एकट्या चालल्या, 3,300 किलोमीटरच्या आसपास. पाठीवर स्वतः शिवलेली डेनिमची पिशवी, तिच्यात एक ब्लँकेट, एक रेनकोट आणि तंबूच्या जागी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. त्या आपल्या दुकानात आल्या असत्या तर आपण त्यांनाही स्टूल पुढे केलं असतंत. पण त्यांना काय विकलं असतंत, याचा मी पुष्कळ विचार केला.

लांब कशाला जा, आपण दोघंही मराठी आहोत. 1728 मध्ये पालखेडला बाजीरावांनी निजामाला पाण्यावाचून कोंडलं, ते त्यांच्या घोडदळामागे जड लटांबर नव्हतं म्हणून. आणि 1761 ला पानिपतावर भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर बुणगे किती होते, ते शाळेतल्या पोरालाही सांगता येतं. लढणाऱ्यापेक्षा सांभाळायचंच जास्त झालं की काय होतं, हे आपल्या भाषेला चांगलं ठाऊक आहे. म्हणून तर 'बाजारबुणगे' हा शब्द आपल्याकडे अजून जिवंत आहे. गेल्या ऑक्टोबरात मी माझ्यामागे आपले बुणगे बांधून निघाले होते. खुर्ची, टेबल, फावडं. फावडं! मुरमाड डोंगरात एका रात्रीसाठी मी काय खणणार होते?

आता मी पुन्हा जाते. डिसेंबरअखेर डॉक्टरांनी परवानगी दिली, जानेवारीत भंडारदऱ्याला गेले, फेब्रुवारीत पानशेतच्या पलीकडे, मार्चमध्ये राहिलेली शिवथरघळ केली. आपल्या माहितीसाठी माझ्या सामानाचं बांधलेलं वजन कळवते, ताणकाट्यावरचं. एका माणसाचा तंबू, दांड्या-खुंट्यांसकट 1.3 किलो. फोमची घडीची चटई 400 ग्रॅम. ती फुगवावी लागत नाही आणि काटा लागून फुटत नाही. पातळ पांघरूण 800 ग्रॅम, कारण सह्याद्रीच्या हिवाळ्यात तेवढ्यावर अंगात स्वेटर घालून भागतं. मुठीत मावणारी शेगडी 100 ग्रॅम, तिचं नळकांडं 380. एक पातेलं, एक मग, एक चमचा मिळून 300. कपडे सव्वा किलोच्या आत, रेनसूट 800. पंक्चरचं सामान, हातपंप, क्लच केबल आणि पाने मिळून दीड किलो. प्रथमोपचार आणि डोक्याला बांधायचा टॉर्च अर्धा किलो. पॉवर बँक पाव किलो. बॅग एक किलो. सगळं मिळून साडेआठ.

यातली हत्यारं, रेनसूट आणि प्रथमोपचार मी कधीच कमी करणार नाही. हलकं म्हणजे उघडं नव्हे. कोण किती कमी सामानात जातो याची स्पर्धा लावणारेही आता भेटतात आणि मग रस्त्यावर पंक्चर झाल्यावर दुसऱ्याकडे पंप मागतात. तेही मला पटत नाही. हेल्मेट, जॅकेट आणि बूट तर मी सामानात धरतच नाही. ते अंगाचा भाग आहेत. बूट घोट्याच्या वरपर्यंत असते तर त्या दिवशी हाड वाचलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. आपल्याकडे बूट आहेत का, असं मी विचारलं होतं. आपण म्हणालात, "ते नंतर बघू, आधी खुर्ची बघा."

पाण्याचं एवढंच, की एक लिटर म्हणजे एक किलो. पुण्यातून पाच लिटर नेण्यापेक्षा रिकामी घडीची पिशवी न्यावी आणि शेवटच्या गावात भरावी. त्या निमित्ताने गावातल्या माणसाशी बोलणं होतं, रात्री कुठे राहावं तेही कळतं. सामान बांधायला बंजी नाही, बकल असलेले न ताणणारे पट्टे. दहा किलोमीटरवर पहिल्यांदा थांबून हाताने हलवून बघायचं. टायरमधली हवा पुस्तिकेत ओझ्यासाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे, मागचा सस्पेन्शन एक खाच घट्ट. पिशवी आणि पट्टे सोडले तर यातलं काहीच विकत मिळत नाही. म्हणून आपल्याकडून ते ऐकायला मिळेल अशी अपेक्षा ठेवणं चूक होतं का, हे आपणच सांगा.

हे सगळं मी मनात ठेवलं असतं. आपल्याला त्रास द्यायचा नव्हता. पण डिसेंबरात मी काठी टेकत आपल्याकडे आले होते. तंबू काउंटरवर ठेवला, पाणी कसं आलं ते सांगितलं. आपण अतिशय नम्रपणे म्हणालात, "मॅडम, तंबू पावसासाठी नसतो." मी उत्तर देणार तेवढ्यात माझ्या शेजारी दोन कॉलेजची मुलं उभी असलेली दिसली. नाताळच्या सुट्टीत भंडारदऱ्याला निघालेली. एकाच गाडीवरून. आपण त्यांच्यासाठी खुर्च्या काढत होतात. दोन. आणि टेबल. आणि तेच वाक्य, "वजनाचं काय, गाडी ओढते."

माझ्या गाडीच्या पुस्तिकेत चालवणारा, मागे बसणारा आणि सामान असं सगळं मिळून 130 किलोची मर्यादा आहे. आपण म्हणाल, मॅडम, तुमचं सगळं धरून शंभरच्या आत होतं. होतं, तरीही मी पडले. त्या मुलांची गाडी माझ्यापेक्षा लहान होती. दोन मुलं, जॅकेट-हेल्मेटसकट प्रत्येकी 62 किलो धरा, झाले 124. माझ्या गाडीची मर्यादा धरली तरी उरले 6. त्या 6 किलोंत आपण त्यांना दोन खुर्च्या आणि टेबलच 8.8 किलोंचं दिलंत. ब्रेक लावल्यावर गाडी कुठे थांबेल, भंडारदऱ्याच्या रस्त्यावर उतारावरच्या वळणात काय होईल, हे त्यांना कोण सांगणार होतं? मी बाहेर जाऊन सांगितलं. पैसे देऊन झाले होते. एक जण माझ्या काठीकडे पाहत राहिला, दुसरा म्हणाला, "काकू, दुकानदारांना माहीत असेल ना."

साहेब, त्याचा आपल्यावर विश्वास होता. माझाही होता.

तेव्हा आता विनंती. आपल्या गल्ल्याशेजारी, जिथे तो मोठा चकचकीत चाकू काचेत ठेवलाय, तिथे एक ताणकाटा टांगा. दीड-दोनशे रुपयांना मिळतो. गिऱ्हाईक वस्तू उचलेल तेव्हा आपणच म्हणा, लावा काट्याला. प्रत्येक तंबूच्या पिशवीवर बांधलेलं वजन पेनाने लिहा, कापडाचा मिलिमीटरचा आकडा बाहेर दिसेल असा लावा, स्लीपिंग बॅगेवर आरामाचा आकडा लिहा. आणि गाडीवरून जाणारं कुणी आलं तर आधी दोनच प्रश्न विचारा. गाडी कोणती आणि किती जण. खुर्ची नंतर.

मग कमी विकलं जाईल, असं आपण म्हणाल. कदाचित. पण मी त्या एका खरेदीनंतर आपल्याकडे सहा रुपयांची खुंटीही घेतलेली नाही. तो साडेआठ किलोंचा संसार मी दुसरीकडून, एकेक वस्तू तोलून, आपल्या बिलाच्या जवळपास तेवढेच पैसे मोजून घेतला. ते पैसे आपले होते.

येत्या शनिवारी सकाळी अकरा वाजता, गर्दी व्हायच्या आधी, मी येते. रद्दीवाल्याकडून ताणकाटा मागून घेतला आहे. तो परत करायची घाई नाही असं तो म्हणाला. आपल्याकडे असेल तर माझा पिशवीतून काढणारच नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
28 किलो 200 ग्रॅमवाली मॅडम

ता. क. माझ्यासोबत आलेली आजींची घोंगडी मार्चमध्ये जाऊन परत केली. त्यांनी तंबूचं विचारलं. तो त्यांनाच देऊन टाकला, आता त्यांच्या गोठ्यात कडब्यावर पांघरलाय. चार माणसांचा आहे, कडबा बराच झाकतो. पावसाळ्याआधी मात्र काढून घ्या, असं मी त्यांना बजावून आले आहे.